मुंबई इंग्रजांना ‘हुंड्यात’ मिळाली म्हणजे नेमकं काय मिळालं? (आणि फझेंदारी म्हणजे काय?)

गिरगावची_नात

नमस्कार मंडळी, बरेच दिवस इथे नुसतं वाचतेय, आज पहिल्यांदा विचारतेय. आमच्या आजीची चाळ रिडेव्हलपमेंटला जातेय आणि त्यासाठी घरात जुन्या कागदांचा ढीग निघालाय. त्यात एका कागदावर जमिनीचा प्रकार ‘पेन्शन अँड टॅक्स’ असा लिहिलाय. आता जमिनीला पेन्शन कसली मिळते?? शेजारचे काका म्हणाले की पलीकडच्या गल्लीतली जागा तर ‘फझेंदारी’ आहे, आणि हे सगळं पोर्तुगीजांच्या काळापासून चालत आलेलं आहे, इंग्रजांनी पण ते बदललं नाही.

मला शाळेत एवढंच शिकवलेलं की पोर्तुगालच्या राजकन्येच्या लग्नात इंग्लंडच्या राजाला मुंबई हुंड्यात दिली आणि त्याने ती दहा पौंडाला कंपनीला विकली. बस. दोन ओळी. पण आता आजीचे कागद हातात घेतल्यावर डोक्यात येतंय की हुंड्यात दिली म्हणजे काय दिलं, तेव्हा इथे लोक राहात असतीलच की, त्यांच्या वाड्या, त्यांची घरं, ती पण हुंड्यात गेली का? त्यांना कोणी विचारलं का? आणि पहिल्या वीस-तीस वर्षांत इथे नक्की काय चाललं होतं? कोणाला नीट माहीत असेल तर सांगा प्लीज, मोठं लिहिलंत तरी वाचेन.

जुना_नकाशा

ताई, प्रश्न फार चांगला विचारलात, कारण ती ‘हुंडा’ची गोष्ट सगळ्यांना येते आणि तिच्या पुढची साडेतीन वर्षं कोणालाच माहीत नसतात. खरी गोष्ट तिथेच आहे.

तह झाला २३ जून १६६१ ला. दुसरा चार्ल्स आणि ब्रागांझाची कॅथरीन. त्या तहाच्या अकराव्या कलमात मुंबईचं बंदर आणि बेट इंग्लंडच्या राजाला दिलंय. पण नुसती मुंबईच नव्हती, आफ्रिकेतलं टँजियर होतं, वर २० लाख क्रुझाडो रोख होते. आणि पोर्तुगाल हे सगळं हौसेने देत नव्हता, त्यांच्या मागे एकीकडे स्पेन लागलेला आणि इकडे हिंदुस्थानात डच एकेक ठाणं गिळत चाललेले, त्यामुळे इंग्लंडने मदतीला यावं हा मूळ हेतू, लग्न हा त्याचा एक भाग. लंडनमध्ये मुंबई कुठे आहे हे धड कोणाला माहीत नव्हतं. राजाचा सगळ्यात मोठा मंत्री क्लॅरेंडन, त्याने लिहून ठेवलंय की हे बेट ब्राझीलपासून फार लांब नाही! म्हणजे घेणाऱ्याला काय घेतलं ते ठाऊक नाही आणि ज्यांचं घर तिथे आहे त्यांना आपण दिले गेलो हे ठाऊक नाही.

मग १६६२ च्या सप्टेंबरमध्ये अर्ल ऑफ मार्लबरो आरमार घेऊन मुंबईच्या बंदरात आला, बरोबर सर अब्राहम शिपमन आणि सुमारे ४०० सैनिक. त्याच आरमाराबरोबर पोर्तुगीजांचा नवीन व्हाइसरॉय आंतोनियो द मेलो द कास्त्रो पण आलेला. आणि इथे पोचल्यावर याने बेट द्यायला चक्क नकार दिला. शिपमनचे कागद बरोबर नाहीत, अधिकारपत्र नीट नाही, परत नवीन आणा. नवीन कागद म्हणजे लंडनला जाऊन यायचं, म्हणजे दीड-दोन वर्षं गेली. मार्लबरो आपली जहाजं घेऊन परत गेला. आता या सैनिकांनी जायचं कुठे? सुरतेला कंपनीची वखार होती पण तिथला प्रमुख जॉर्ज ऑक्सिंडन म्हणाला इथे उतरू नका, मुघलांना संशय येईल आणि आमचा धंदा बसेल. शेवटी ते सगळे कारवारजवळच्या अंजदीव बेटावर जाऊन राहिले.

अंजदीव बघितलंय का कोणी? छोटंसं बेट आहे. तिथे कोकणच्या पावसात, धड निवारा नाही, खायला धड नाही, ताप आणि हगवण. ६ एप्रिल १६६४ ला शिपमन स्वतः तिथेच गेला. त्याच्या आधी आणि नंतर त्याचे सैनिक एकेक करत गेले, ४०० मधले शेवटी शंभरच्या आसपास उरले. मी कोणत्याही साम्राज्याचा भक्त नाही, पण ही इंग्लंडच्या खेड्यातून आलेली साधी पोरं होती आणि दोन राज्यांच्या कागदांच्या भांडणात ती मेली, हे वाचताना वाईट वाटतंच.

शिपमनचा सेक्रेटरी हम्फ्री कुक, त्याच्याकडे अधिकार आले आणि पोर्तुगीज म्हणतील त्या सगळ्या अटी मान्य करून त्याने १८ फेब्रुवारी १६६५ ला मुंबईचा ताबा घेतला. बेटाची जहागीरदारीण तेव्हा एक विधवा बाई होती, दोना इग्नेस द मिरांडा. तिच्याच वाड्यात कागदावर सह्या झाल्या. कुकने हातात माती आणि दगड घेतले, बुरुजावरून चालून दाखवलं, की झाला ताबा. हा वाडा म्हणजेच पुढचा बॉम्बे कॅसल.

तर ‘हुंड्यात मिळाली’ याचा अर्थ एवढाच, की १६६१ ला कागद मिळाला. बेट मिळालं १६६५ ला, आणि ते पण अर्धमुर्धं. माहीमचं काय झालं ते वसईकर सांगतील, त्यांचा विषय आहे.

वसईकर

आठवण काढलीत म्हणून लिहितो 🙂

आधी एक लक्षात घ्या, मुंबई तेव्हा कोणाच्या लेखी मोठी नव्हतीच. पोर्तुगीजांचं उत्तरेकडचं मुख्य ठाणं आमची वसई. २३ डिसेंबर १५३४ ला गुजरातच्या बहादूरशहाने वसई आणि आजूबाजूची बेटं पोर्तुगीजांना लिहून दिली, त्यात मुंबई आली. पुढे काही वर्षांनी ती गार्सिया द ऑर्ता नावाच्या वैद्याला भाडेपट्ट्याने दिलेली होती. हा माणूस राहायचा गोव्यात, १५६३ ला त्याचं औषधी वनस्पतींवरचं पुस्तक गोव्यात छापलं गेलं आणि त्यात त्याने कौतुकाने लिहिलंय की माझ्या मुंबई बेटावर एक आंब्याचं झाड आहे ते वर्षातून दोनदा फळतं. म्हणजे मुंबईची किंमत काय तर आंबा, माड, भात आणि मीठ.

आता माहीमचं. इंग्रज म्हणत होते मुंबई म्हणजे सगळी बेटं, अगदी साष्टी आणि ठाण्यापर्यंत. पोर्तुगीज म्हणत होते मुंबई म्हणजे फक्त ते एक मुंबई बेट, माहीम सुद्धा त्यात नाही. का? कारण माहीमला जकात होती. खाडीतून येणारा जाणारा माल तिथून जायचा. कुकने ताबा घेतल्यावर थोड्याच दिवसांत माहीम बळजबरीने घेतलं, पण साष्टी काही मिळाली नाही. वांद्र्याच्या पलीकडे पोर्तुगीज राज्य, अलीकडे इंग्रज, मध्ये माहीमची खाडी. आज लोकलने पाच मिनिटात ओलांडतो ती सरहद्द होती.

द मेलो द कास्त्रोला आपल्याकडे हेकट म्हणून सोडून देतात पण तो माणूस शहाणा होता. त्याने आपल्या राजाला कळवलं होतं की ज्या दिवशी इंग्रज मुंबईत बसतील त्या दिवशी हिंदुस्थान गेला समजा. राजाने ऐकलं नाही.

आणि ताईंनी विचारलंय ना की इथल्या लोकांना कोणी विचारलं का, तर त्या कुकच्या करारात एक अट आहे ती वाचून मी कितीतरी वेळ तसाच बसून होतो. पोर्तुगीज गावांमधले कुणबी, भंडारी वगैरे लोक पळून मुंबईत आले तर इंग्रजांनी त्यांना ठेवून घ्यायचं नाही, परत द्यायचं! म्हणजे माड छाटणारी, शेत कसणारी माणसं ही जमिनीबरोबर मोजली जायची, आणि पोर्तुगीजांना पक्कं माहीत होतं की दार उघडं ठेवलं तर ही माणसं निघून जातील. त्याच करारात रोमन कॅथलिकांना धर्म पाळू द्यायचा आणि जमीनदारांच्या जमिनी शाबूत ठेवायच्या हे पण होतं. चार्ल्स राजाने नंतर हा करार मान्यच केला नाही, आणि कुकची १६६६ ला हकालपट्टी झाली, नवीन गव्हर्नर जर्वास लुकास आला. पण जमिनीचा प्रश्न लटकलाच राहिला.

साष्टीचं पुढे काय झालं ते सगळ्यांना माहीतच आहे. चिमाजी अप्पांनी १७३९ ला वसई घेतली, साष्टी त्याच्या आधीच आपल्याकडे आलेली. इंग्रजांना ती मिळाली १७७४ मध्ये, म्हणजे लग्नानंतर शंभर वर्षांहून जास्त.

गिरगावची_नात

बाप रे. अंजदीव हे नाव मी आज पहिल्यांदा ऐकलं. आणि ती माणसं परत देण्याची अट... आमचे पूर्वज भंडारीच, आजीचे आजोबा ताडीच्या माडांचं काम करायचे असं घरात सांगतात. त्यामुळे ते वाक्य वाचून कसंतरीच झालं.

पण दहा पौंडाचं खरं की खोटं? आणि पेन्शन??

सर्व्हे_नंबर

मी जमिनीच्या कागदांच्या कामात तीस वर्षं काढली, आता रिटायर आहे, त्यामुळे पेन्शनचं माझ्याकडून ऐका.

दहा पौंडाचं आधी. विकली नाही. २७ मार्च १६६८ च्या सनदेने राजाने मुंबई कंपनीला दिली आणि बदल्यात दर वर्षी ३० सप्टेंबरला दहा पौंड, तेही सोन्यात, भरायचे. म्हणजे ते भाडं होतं, नाममात्र. राजाला हे बेट परवडतच नव्हतं, पगार द्यायचे, तटबंदी करायची, उत्पन्न काही नाही. कंपनीला उलट स्वतःची जागा हवी होती, कारण सुरतेला ते मुघलांच्या मर्जीवर राहात होते. सप्टेंबर १६६८ मध्ये ताबा दिला.

आता तुमचं पेन्शन. पोर्तुगीज भाषेत ‘पेन्सांव’ म्हणजे जमिनीवरचा ठरावीक सारा. त्याचं इंग्रजांनी पेन्शन केलं. निवृत्तीवेतनाशी काही संबंध नाही. आणि ‘फझेंदा’ म्हणजे इस्टेट, वाडी. ती ज्याच्या नावावर तो फझेंदार. फझेंदार जमिनीचा धनी, त्याच्या जागेवर दुसऱ्याने घर बांधायचं आणि पिढ्यानपिढ्या त्याला जागेचं भाडं देत राहायचं, ही फझेंदारी. ‘फोरास’ पण ऐकलं असेल, फोरास रोडमुळे. तो पण पोर्तुगीज शब्द, ‘फोरा’ म्हणजे बाहेर, गावठाणाबाहेरची खाजण पडीक जमीन लागवडीला आणण्यासाठी कमी साऱ्यावर दिलेली.

हे सगळं इंग्रजांच्या काळात टिकलं कसं? तिथे जेराल्ड आँजिअरचं नाव येतं. १६६९ ते १६७७ हा मुंबईचा गव्हर्नर. कंपनी आल्यावर जमीनदार घाबरलेले, कारण कोणाचा कागद खरा कोणाचा खोटा याचा घोळ, कुकने आणि त्यानंतरच्या लोकांनी मन मानेल तशा जमिनी ओढलेल्या. जमिनीवर कंपनी पण हक्क सांगत होती आणि जुने मालक पण. आँजिअर कोर्टकज्जे करत बसला असता तर शंभर वर्षं पुरले असते. त्याने बेटावरच्या प्रमुख लोकांना एकत्र बोलावून १६७२ मध्ये समझोता केला, तो १६७४ मध्ये पक्का झाला. सगळ्या जमीनदारांनी मिळून कंपनीला वर्षाला २०,००० झेराफिन द्यायचे, (झेराफिन हे पोर्तुगीजांचं नाणं) आणि त्या बदल्यात कंपनीने त्यांच्या जमिनीवरचे जुने दावे सोडायचे. ते २०,००० मग कोणी किती भरायचे हे वाटून घेतलं गेलं. त्या वाटणीतून येणारा जो सारा तेच तुमचं पेन्शन. साडेतीनशे वर्षं झाली त्या बैठकीला आणि तुमच्या आजीच्या कागदावर तिचा शब्द अजून आहे. मी नोकरीत असताना नवीन पोरांना हे सांगायचो तेव्हा ती पहिल्यांदा फाईलकडे नीट बघायची.

एक मात्र सांगतो, कागदावर पेन्शन अँड टॅक्स आहे एवढ्यावरून आज तुमचा हक्क काय ते ठरत नाही, मधल्या काळात किती व्यवहार झाले, कायदे आले. रिडेव्हलपमेंटवर सही करण्याआधी जमिनीचं काम करणाऱ्या वकिलाला सगळा गठ्ठा दाखवा. आणि मूळ कागद कोणालाही देऊ नका, झेरॉक्सच द्या.

माहीमचा_नाखवा

सगळ्यांनी छान लिहिलंय पण एक गोष्ट मला बोललीच पाहिजे. इंग्रज यायच्या आधी मुंबई म्हणजे नुसती सात बेटं, चिखल आणि चार कोळ्यांची झोपडी असं जे सांगतात ना ते बंद करा. कोलाबा, धाकटा कोलाबा, मुंबई, माझगाव, परळ, वरळी, माहीम. प्रत्येक बेटावर वस्ती होती, देवळं होती, बंदरं होती. इंग्रजांच्याच हिशेबात १६६१ च्या सुमाराला बेटावर दहा हजार माणूस धरलाय. दहा हजार म्हणजे त्या काळात काही कमी नाय.

कोळी होते, भंडारी होते, आगरी मीठ पिकवायचे, पाठारे प्रभू, पाचकळशी होते, मुसलमान होते माहीमला, मखदूम बाबांचा दर्गा तर पोर्तुगीजांच्या आधीचा. पोर्तुगीजांच्या वेळी बाटलेले आमचेच भाऊबंद होते. मुंबई हे नावसुद्धा इंग्रजांनी ठेवलेलं नाय, त्यांच्या दीडशे वर्षं आधी बार्बोसा नावाच्या पोर्तुगीजाने ‘मायांबू’ असं लिहिलंय, म्हणजे मुंबादेवीचंच नाव त्याच्या कानाला जसं ऐकू आलं तसं. आणि ती देवी आमची, कोळ्यांची. तिचं देऊळ पहिलं आता सीएसएमटी आहे त्या बाजूला होतं, किल्ल्याचं काम वाढत गेलं तसं इंग्रजांनी हलवायला लावलं.

दुसरं, त्या काळातले गोरे इथल्या हवेबद्दल लिहिताना नेहमी आमच्या नावाने बोटं मोडतात. माडांना सुक्या मासळीचं खत घालतात, त्याचा वास, त्यानेच ताप येतो म्हणे. खाजणं भरतीच्या पाण्याने बुडलेली, डासांचा उच्छाद, त्यांचं खाणं-पिणं या मुलखाला न मानवणारं, ते सगळं सोडून दोष मासळीच्या खताला. आमचे लोक त्याच हवेत पिढ्यानपिढ्या जगत होते.

आणि १६७३ ला डचांचं आरमार मुंबईवर चालून आलं तेव्हा किनाऱ्यावर कोण उभं होतं? किल्ल्यात गोरे सैनिक थोडे, बाकी टोपास (म्हणजे मिश्र वंशाचे ख्रिस्ती) आणि इथले भंडारी, हातात सोटे घेऊन. ताई, तुमचेच लोक 🙏 डचांचा सरदार वान गोएन्सने बघितलं की तयारी पक्की आहे आणि तो न लढता निघून गेला.

गडकोट_भ्रमंती

या सगळ्यात शिवाजी महाराजांचा उल्लेख अजून कसा नाही आला? मुंबई वाढली त्यात महाराजांचा फार मोठा वाटा आहे, महाराजांना मुंबई वाढवायची नव्हती तरी.

१६६४ ला पहिली सुरत, १६७० ला दुसरी सुरत. प्रत्येक वेळी सुरतेच्या व्यापाऱ्याला कळलं की मुघल आपलं रक्षण करू शकत नाही. आँजिअर नेमका त्याच काळात या व्यापाऱ्यांना मुंबईला बोलावत होता. समुद्राने वेढलेलं बेट, तोफा, धर्मात ढवळाढवळ नाही. दीवच्या वाण्यांचा पुढारी निमा पारख याच्याशी १६७७ मध्ये लेखी करार केला की त्यांच्या धर्माला, लग्नकार्याला, प्रेतं जाळायला कोणी आडकाठी करणार नाही. बाजूला पोर्तुगीज मुलखात हे शक्य नव्हतं. वाणी आले, पारशी आले, आर्मेनियन आले. आँजिअरच्या शेवटच्या दिवसात लोकसंख्या साठ हजारापर्यंत गेली असा आकडा नेहमी दिला जातो.

इंग्रज आणि महाराज यांचं प्रकरण राजापूरपासूनच बिघडलेलं. १६६० मध्ये राजापूरच्या वखारीतला हेन्री रेव्हिंग्टन आणि त्याची माणसं सिद्दी जौहरच्या बाजूने पन्हाळ्यावर तोफा डागायला गेली, स्वतःचं निशाण लावून. महाराज विसरणार होते थोडेच, १६६१ ला राजापूर मारलं आणि ते इंग्रज कैदेत टाकले. त्याच्या नुकसानभरपाईसाठी इंग्रज पुढे बारा-तेरा वर्षं खेटे घालत होते. जून १६७४ च्या राज्याभिषेकाला हेन्री ऑक्सिंडन रायगडावर आला तो याच कामासाठी, दुभाष्या नारायण शेणवी. तह झाला. पण खरा काटा वेगळाच होता, सिद्दीचं आरमार पावसाळ्यात मुंबईच्या बंदरात आसरा घ्यायचं आणि तिथून आपल्या किनाऱ्यावर जाळपोळ करायचं. इंग्रज सिद्दीला हाकलू शकत नव्हते कारण त्याच्या मागे औरंगजेब, आणि सुरतेची वखार त्याच्या हातात.

म्हणून १६७९ मध्ये महाराजांनी मुंबईच्या तोंडावर खांदेरी बांधायला घेतली. पावसाळ्यातच माणसं आणि दगड उतरवले. मायनाक भंडारी (परत भंडारीच, ताई!) तिथे ठाण मांडून. इंग्रजांनी जहाजं पाठवून नाकेबंदी केली, त्यांच्या मोठ्या जहाजांना उथळ पाण्यात वळता येईना आणि आपले छोटे गलबत रात्री अंधारात रसद पोचवून परत. १८ ऑक्टोबरला मोठी लढाई झाली, दौलतखान आरमार घेऊन आला. इंग्रजांना खांदेरी घेता आली नाही, शेवटी वाटाघाटी करून ते मागे फिरले. थळच्या किनाऱ्यावरून खांदेरी-उंदेरी बघितल्यात का? उंदेरीत जानेवारी १६८० मध्ये सिद्दी घुसला तो याच भांडणात. दोन बेटं, मध्ये हाकेचं अंतर. खांदेरीच्या तटावर उभं राहिलं की मुंबईचं बंदर असं समोर दिसतं आणि महाराजांनी ही जागा का निवडली ते एका नजरेत कळतं.

गिरगावची_नात

मायनाक भंडारी आणि सोटे घेतलेले भंडारी दोन्ही एकदम. आईला वाचून दाखवलं, ती म्हणाली हे आजीला पण वाच.

म्हणजे भंडारी दोन्ही बाजूंना होते, मुंबईत इंग्रजांसाठी उभे आणि खांदेरीवर महाराजांसाठी. हे कसं समजायचं? आणि आँजिअरनंतर मग सगळं सुरळीत झालं का?

माहीमचा_नाखवा

ज्याची वाडी जिथे तो तिथे उभा राहिला. मुंबईतल्या भंडाऱ्याचे माड मुंबईत होते, डच उतरले असते तर पहिले तेच जळले असते. चौल-थळच्या भंडाऱ्याचं घर स्वराज्यात. मला तरी त्यात काही कोडं वाटत नाय.

जुना_नकाशा

सुरळीत? अजिबात नाही. आँजिअर ३० जून १६७७ ला सुरतेत वारला आणि पुढची पंधरा वर्षं मुंबई जवळजवळ बुडालीच होती.

पण आधी आँजिअरचं थोडं अजून सांगतो, मला हा माणूस आवडतो, सरळ सांगतो. ऑगस्ट १६७२ मध्ये त्याने मुंबईत कोर्ट चालू केलं, पहिला न्यायाधीश जॉर्ज विलकॉक्स. पोर्तुगीज कायदा गेला. टांकसाळ काढली, तिथे चांदीचं नाणं ‘अँग्लिना’, तांब्याचं ‘कॉपरून’ आणि कथलाचं ‘टिनी’. जाती-जमातींनी आपापले तंटे आपल्या पंचांकडे मिटवायचे ही सोय ठेवली. आणि एक गोष्ट मराठी वाचकांनी लक्षात ठेवावी अशी, त्याच्याच काळात सुरतेचा व्यापारी भीमजी पारख याने नागरी लिपीत पोथ्या छापायचं मनात धरून कंपनीकडे छापणारा माणूस मागितला, आणि १६७४ मध्ये हेन्री हिल्स नावाचा मुद्रक छपाईचं सामान घेऊन खरोखर आला! पण त्याला छापता यायचं, नागरी खिळे पाडता येत नव्हते. भीमजीने स्वतःच्या माणसांकडून प्रयत्न करून बघितले. ते जमून गेलं असतं तर नागरी छपाई आपल्याकडे शंभर वर्षं आधी आली असती. हा किस्सा मला दर वेळी चटका लावून जातो.

आता पुढचं. कंपनीने खर्च कमी करायचा म्हणून सैनिकांचे पगार, भत्ते कापले. २७ डिसेंबर १६८३ ला रिचर्ड केग्विन, जो खांदेरीला इंग्रज जहाजांवर होता तोच, त्याने बंड करून किल्ला ताब्यात घेतला आणि जाहीर केलं की मुंबई कंपनीची नाही, राजाची. जवळजवळ एक वर्ष मुंबई या बंडखोरांच्या हातात होती. त्या काळात केग्विनने छत्रपती संभाजी महाराजांशी तह पण केला. नोव्हेंबर १६८४ मध्ये सर थॉमस ग्रँथम आला, माफीचं वचन दिलं आणि बेट परत घेतलं.

मग जॉन चाइल्ड. १६८७ ला कंपनीचं मुख्य ठाणं सुरतेहून मुंबईला आलं आणि या माणसाने मुघलांची जहाजं पकडायला सुरुवात केली, औरंगजेबाशी लढायला निघाला. फेब्रुवारी १६८९ मध्ये सिद्दी याकूतखान रात्री शिवडीला उतरला. माझगाव गेलं, माहीम गेलं, इंग्रज किल्ल्यात कोंडले गेले आणि वर्षाहून जास्त तसेच राहिले. औरंगजेबाच्या दरबारात इंग्रज वकील हात बांधून उभे राहिले, दीड लाख रुपये दंड, आणि चाइल्डला हाकला ही अट. चाइल्ड त्याआधीच १६९० च्या फेब्रुवारीत मेला. सिद्दी जूनमध्ये गेला पण जाताना माझगावचा किल्ला जाळून गेला आणि मागे रोगराई आलीच. ऑव्हिंग्टन नावाचा पाद्री तेव्हा जहाजाने मुंबईला आला होता, त्याच्याबरोबरचे बहुतेक प्रवासी पावसाळा संपायच्या आत मेले. त्यानेच ती म्हण नोंदवून ठेवलीय की मुंबईत माणसाचं आयुष्य दोन पावसाळे.

पारशी मंडळी सांगतात की त्या धामधुमीत सिद्दी परत आला तेव्हा रुस्तमजी दोराबजी याने कोळ्यांना गोळा करून त्याला परतवलं आणि म्हणून त्याला कोळ्यांची पाटीलकी मिळाली. नाखवा, तुमच्याकडे असं काही सांगतात का?

माहीमचा_नाखवा

सांगतात, पण आमच्याकडे सांगतात तेव्हा कोळी पहिले असतात आणि पारशी त्यांच्यात येऊन मिळतो 🙂 पण पाटील म्हणून त्या घराण्याला आमच्या लोकांनी मानलं हे खरं.

गिरगावची_नात

सगळ्यांचे मनापासून आभार. सर्व्हे_नंबर काका, तुमचं ऐकलं, मूळ कागद बँकेच्या लॉकरमध्ये टाकले आणि वकिलाची वेळ घेतलीय.

आजीला सगळं वाचून दाखवलं. तिला पेन्शनचा अर्थ सांगितला तर म्हणाली, आमचे आजोबा ‘फझिनदाराचा माणूस आला’ म्हणायचे, भाडं घ्यायला यायचा तो. शब्द तिला माहीत होता, अर्थ आज कळला. आता मला या जागा बघायच्यात. काय काय उरलंय?

सर्व्हे_नंबर

बॉम्बे कॅसलचे जे अवशेष उरलेत ते टाऊन हॉलच्या मागे, आयएनएस आंग्रे नौदल तळाच्या आत आहेत, त्यामुळे परवानगीशिवाय जाता येत नाही. म्हणजे कुकने जिथे माती हातात घेतली तिथे आज कान्होजी आंग्र्यांचं नाव लागलंय. बाहेरून हॉर्निमन सर्कलला या, सेंट थॉमस चर्च बघा, त्याचं काम आँजिअरने सुरू केलं होतं, पुढे कितीतरी वर्षं भिंती तशाच पडून होत्या आणि उघडलं १७१८ च्या नाताळात. चर्चगेट हे नाव त्याच चर्चवरून. आणि माहीमचा किल्ला.

माहीमचा_नाखवा

किल्ल्यावर येणार असाल तर ओहोटी बघून या, आधी इथे मेसेज टाका. आजीला पण आणा, बसायला आमच्या कोळीवाड्यात जागा आहे.

गिरगावची_नात

आजीचे गुडघे दुखतात पण ती आत्ताच साडी कोणती नेसू विचारतेय. पुढच्या रविवारची ओहोटी किती वाजता आहे?

माहीमचा_नाखवा

तिथी बघून सांगतो. पण सकाळीच या, दुपारी ऊन फार होतं.